सॅटेलाइटवाले काका

सॅटेलाइटवाले काका हा प्रकार वर्धा जिल्ह्यात बहुधा निवृत्त विज्ञानशिक्षकाच्या किंवा वीजखात्यातल्या तंत्रज्ञाच्या रूपात आढळतो. वास्तव्य गच्चीवर, खाली उतरणे जेवणापुरते. इतर आकाशप्रेमी शनीची कडी पाहून तृप्त होतात, यांना मात्र जागच्या जागी असलेली वस्तू पाहण्यात गोडी नसते, यांना दुर्बिणीतून पळते उपग्रह पाहायचे असतात. पुलगावात केंद्रीय दारूगोळा भांडार असल्याने तिथल्या काकांना गच्चीवरच्या नळकांड्याचा खुलासा जरा जास्तच वेळा करावा लागतो.

काकांचा जीव दुर्बिणीत नसतो, तिच्या माउंटमध्ये, म्हणजे तिला पेलणाऱ्या बैठकीत असतो. आरसा विकतचा, त्याबद्दल ते फारसे बोलत नाहीत. माउंट घरचे: प्लायवुडची पेटी, बुडाला सनमायका, खाली टेफ्लॉनचे तुकडे. ही युक्ती जॉन डॉबसन (१९१५–२०१४) यांची. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होते. दुर्बिणींच्या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. काका हे घरात वारंवार सांगतात. काकूंचे उत्तर ठरलेले: "मठवाल्यायनं त्याले हाकललं. मी तं तुमाले अजून घरात ठेवलं हाये."

हाताने ढकलायच्या माउंटला कारण आहे. ताऱ्यांमागे फिरणारी मोटार तासाला १५ अंश सरकते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून डोक्यावर येते तेव्हा सेकंदाला एक अंशाहून अधिक पळते, आणि दुर्बिणीत एका वेळी दिसते ते जेमतेम अंशभर आकाश. शिवाय नेमके डोक्यावर आल्यावर हे माउंट अडते. अख्खी पेटी अर्धा वळसा फिरवावी लागते. पेटीबरोबर काका फिरतात आणि पाण्याच्या टाकीचा पाइप पायात येतो.

वेध फक्त तिन्हीसांजेनंतर किंवा पहाटे मिळतो, कारण तेव्हा जमिनीवर अंधार आणि उपग्रहावर ऊन असते. पावसाळ्यात वेधाऐवजी माउंटची दुरुस्ती चालते. ती उन्हाळ्यातही चालते.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याला, विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचे मोठे कडे पडले. तो चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. वर्धा जिल्ह्यातही लोकांनी ते जळते तुकडे अंगणातून पाहिले. या वेधाचे वेळापत्रक आलेले नसल्याने काका तेव्हा खाली श्रीखंड खात होते. त्यांचा भाव मात्र वाढला, "काका, आज काही पडते काय?" असे दूधवालाही विचारू लागला.

सुमारे १०९ मीटर लांबीच्या अवकाश स्थानकाचे सौरपंख घरगुती दुर्बिणीतूनही ओळखू येतात, हे खरे आहे. काकांना ते एकदा, सेकंदभर दिसले, साक्षीदार नाही. चांगल्या फेरीत हे स्थानक शुक्राइतके झळकते. त्याला दुर्बीण लागत नाही. काकू आणि शेजारची पोरे ते नुसत्या डोळ्यांनी पाच-सहा मिनिटे सलग पाहतात.