रात्री आठची सही, दुपारी चारला

गेल्या रविवारी आत्याला भेटायला वृद्धाश्रमात गेलो. ती झोपली होती, म्हणून सिस्टरच्या टेबलापाशी थांबलो. पॅडला गोळ्यांचा चार्ट लावलेला. सकाळ, दुपार, रात्र असे रकाने. घड्याळात चार वाजले होते आणि रात्री ८ च्या रकान्यात सह्या होऊन गेल्या होत्या. आत्याच्या नावापुढे, शेजारच्या आजोबांच्या नावापुढे, थेट शेवटच्या ओळीपर्यंत. एकच निळं पेन, एकच तिरकं वळण.

विचारलं, तर सिस्टर म्हणाली, "काका, रात्री मी एकटी आणि पेशंट अठ्ठावीस. लिहायला वेळ कुठून आणू?"

राग तिचा नाही आला. अठ्ठावीस जणांमागे एक बाई ठेवणाऱ्यांचा आला. आणि भीती वाटली. आत्याला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही. तिच्या वतीने लक्षात ठेवायला त्या इमारतीत तो कागदच आहे. तोच खोटा निघाला, तर पाळी बदलून आलेल्या बाईला इन्शुलिन टोचलंय की राहिलंय, हे कळायचं कसं? दुसऱ्यांदा टोचलं गेलं तर साखर भराभर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं की आपल्याकडे म्हणतात, वय झालं. वाटीभर साखरपाण्याने सावरला असता, तो जीव तेवढ्यात हातचा जातो.

कूस बदलण्याच्या नोंदीचंही तेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. कागदावर सगळे तास भरलेले असतात आणि माकडहाडावरची कातडी लाल होऊन फाटलेली असते.

हे तपासतं कोण? ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब जातो. म्हणजे देणगीचा रुपया तपासला जातो, रात्रीची गोळी नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम आहे, पण तो सरकार 'काढू शकेल' एवढ्याच भाषेत. सगळ्या वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा सांगणारं दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत आलं. मंजूर न होताच २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबर ते संपलं. पाच वर्षांत एवढं जमू नये?

मला नवी फाईल नको, नवा फॉर्मही नको. गोळी तोंडात गेल्यावर सही व्हावी, वेळेसकट. नाकारली तर 'नाकारली' असं लिहावं. त्याबद्दल कुणी सिस्टरला झापू नये, नाहीतर ती खोटंच लिहील. रात्रपाळीला दुसरं माणूस द्यावं. आणि तपासणीला येणाऱ्याने न कळवता यावं, रजिस्टर बाजूला ठेवून आधी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. नातेवाइकांनीही मोजाव्यात. दोन मिनिटं लागतात.

मी त्या दुपारी आत्याच्या बीपीच्या गोळ्या मोजल्या. रोजची एक, रात्री. चार्टवरच्या सह्यांप्रमाणे नऊ उरायला हव्या होत्या. तेरा होत्या.