पाणी काढलं का?

प्रत्येक एमआयडीसीत एक अप्पा असतात. तुमच्याकडे त्यांना नाना म्हणत असतील किंवा मिस्त्री, पण ते असतात. मोठ्या कंपनीच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले, घरी बसवत नाही म्हणून पुतण्याच्या शेडवर ‘जरा लक्ष ठेवायला’ येणारे, आणि ज्या गोष्टीकडे लक्ष द्यायला कुणी सांगितलेलं नसतं तिच्यावरच डोळा ठेवून असणारे. आमचे अप्पा भोसरीचे. माझं पेंटिंगचं शेड त्यांच्या पुतण्याच्या गाळ्याला लागून आहे, त्यामुळे ते माझ्याही वाट्याला आले.

अप्पा नमस्कार करत नाहीत. ‘काय, कसं काय’ही नाही. माणूस दिसला की एकच प्रश्न, “पाणी काढलं का?” पाणी म्हणजे कॉम्प्रेसरच्या टाकीतलं. समोरच्याकडे कॉम्प्रेसर असलाच पाहिजे, अशी अट नाही. पुतण्याच्या लग्नात मुलीकडच्या मंडळींची ओळख करून देताना कुणीतरी म्हणालं, “हे मुलीचे मामा, यांचं टायरचं दुकान आहे.” अप्पांनी मामांचा हात हातात घेतला, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं आणि विचारलं, “पाणी काढता का रोज?” मामांचा गैरसमज झाला. तो निस्तरायला जेवणाची पंगत उठेपर्यंत वेळ गेला. तोवर अप्पांनी मामांकडून टाकी किती लिटरची, कॉक कुठल्या बाजूला, सगळं काढून घेतलं होतं.

कॉक कुठल्या बाजूला, हा अप्पांचा दुखरा विषय. हवेच्या टाकीच्या बुडाशी, बरोबर मधोमध, एक छोटा पितळी कॉक असतो. ज्यानं तो तिथं बसवला त्याला आयुष्यात कधी तो उघडावा लागलेला नसतो. भिंतीकडे तोंड, जमिनीपासून चार बोटं उंच, आजूबाजूला बेल्टगार्ड आणि वायरी. सत्तरीच्या घरातले अप्पा रोज संध्याकाळी पोत्याचा तुकडा अंथरून त्यावर आडवे होतात, डावा हात टाकीखाली खांद्यापर्यंत घालतात, तोंड वाकडं करतात आणि न पाहता कॉक पाव फेरा फिरवतात. आधी नुसतं फुर्र, मग खर्र, मग तांबूस-पांढरं पाणी. अप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते पाहून परमार्थाकडे वळलेल्या माणसालाही हेवा वाटावा. स्वतःच्या शेडचं झालं की माझ्याकडे येतात. मला विचारत नाहीत.

हवेत पाणी येतं कुठून, असं मात्र अप्पांना चुकूनही विचारू नये. पोरं मुद्दाम नव्या हेल्परला पाठवतात विचारायला. मग एसटी सुरू होते. “आठ एसट्यांची माणसं एका एसटीत कोंबली, तर माणसं कशीबशी मावतील. बोचकी मावतील का? बोचकी खाली पडणार. पाणी म्हणजे ती बोचकी.” हिशेब चोख आहे. 7 किलो दाबाला हवा साधारण एक अष्टमांश जागेत बसते, पण तेवढ्या जागेत वाफ मावते ती तपमानाप्रमाणे. दाब वाढवला म्हणून जास्त मावत नाही. उरलेली टाकीच्या गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. जुलैतल्या दमट हवेत एका घनमीटरमागे वीस-बावीस ग्रॅम वाफ असतेच. 3 एचपीचा कॉम्प्रेसर तासाला सतराएक घनमीटर हवा ओढतो. म्हणजे सलग चालला तर तासाला पाव लिटरच्या वर पाणी. मार्चात तोच कॉम्प्रेसर, तोच कॉक, आणि थेंब नाही. मार्चात अप्पा चिडचिडे होतात.

त्यांच्या खिडकीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असत, प्रत्येकीवर मार्करनं तारीख. जूनची पातळ चहाच्या रंगाची, जुलैची दुधाळ, कारण कॉम्प्रेसरचं ऑइल पाण्यात घोटलं जातं. ऑगस्टच्या बाटलीच्या तळाशी गंजाची बारीक तांबडी भुकटी. एकदा कर्जाची पाहणी करायला आलेल्या बँकेच्या साहेबांनी तिकडे पाहून “आयुर्वेदिक का?” असं विचारलं. अप्पांनी बाटली हलवून दाखवली. कर्ज मंजूर झालं, पण साहेबांनी चहा घेतला नाही.

शेवटी पुतण्यानं ऑटो ड्रेन आणला. मुठीएवढा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, वर काळा टायमर, दोन बटणं: एक किती मिनिटांनी उघडायचं त्याचं, दुसरं किती सेकंद उघडं ठेवायचं त्याचं. शिवाय ‘टेस्ट’ लिहिलेलं एक लाल बटण. अर्ध्या तासाला तीन सेकंद असं लावलं. आता आडवं व्हायची गरज नाही, अप्पांच्या कमरेला आराम, असा पुतण्याचा विचार. अप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. दर अर्ध्या तासानं टाकीखालून ‘फुस्स्स’ व्हायचं, नवीन माणूस दचकायचा, आणि अप्पा छताकडे बघत म्हणायचे, “काढलं म्हणे.”

तिसऱ्या आठवड्यात गंजाचा एक कण त्या व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला आणि बुधवारच्या रात्रीपासून तो फुसफुसत राहिला. गुरुवारी सुट्टी. मेन स्विच पाडायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं, त्यामुळे शुक्रवारी सकाळपर्यंत मोटर दर काही मिनिटांनी आपली चालू, बंद, चालू, बंद. 7 किलोला एक मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला लिटरभराहून जास्त हवा निसटते, आणि ती हवा महावितरणच्या विजेवर भरलेली असते. पुतण्या डोकं धरून बसला. अप्पा त्या दिवशी नवा शर्ट घालून आले होते, पण तो योगायोग असावा.

मला वाटलं, आता व्हॉल्व्ह भंगारात जाणार. पण अप्पांनी तो खोलला, पाकळीसारखी रबरी चकती पुसून परत बसवली, व्हॉल्व्हच्या आधी जाळीचा वाय-स्ट्रेनर लावला, त्याच्याही आधी बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीत हवा असतानाही जाळी काढून धुता यावी. टाकीच्या बुडापासून नळी काढून हे सगळं त्यांनी भिंतीवर कमरेच्या उंचीला आणलं. मग टायमरशेजारी खडूनं लिहिलं: पावसाळा 15, दिवाळीनंतर 60, शिमग्यानंतर 120. व्हॉल्व्हचं तोंड गटारात सोडलं होतं तिथं त्यांनी पारदर्शक बरणी लटकवली. “गटारात गेलं की कळणार कसं, काय आलं?” व्हॉल्व्हवरचा विश्वासही त्यांनी असा बरणी लावूनच ठेवला.

याच सुमारास शेडवर ऑडिट आलं. ऑडिटच्या आधल्या दिवशी सगळीकडे होतं तेच झालं: टाकीला बाहेरून निळा रंग, जमिनीवर पिवळे पट्टे, आणि एक नवं रजिस्टर, ‘कॉम्प्रेसर ड्रेन, दैनिक’. पोरांनी एका बैठकीत एकाच पेनानं तीन महिन्यांचे ‘ओके’ लिहून काढले. पुढच्या आठवड्याचेही, हात चालूच होता म्हणून. अप्पांनी ते पान फाडलं आणि आपल्या वहीतून उतरवून दिलं: “पाऊण लिटर, दुधाळ.” “अर्धा लिटर, गंज आहे.” “निरंक. जाळी तुंबली होती.” ऑडिटरनं रजिस्टर पाहिलं आणि शेरा मारला: नोंदी ठरावीक नमुन्यात नाहीत, रकान्यात फक्त ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ अपेक्षित. निळ्या रंगाबद्दल मात्र त्यानं कौतुक केलं. 1948च्या कारखाना कायद्यात दाबाखालच्या यंत्रांसाठी खास 31वं कलम होतं, ते अप्पांनी त्याला सांगितलं. त्यानं तेही लिहून घेतलं, कुठल्या रकान्यात ते ठाऊक नाही.

त्या ‘गंज आहे’वरून अप्पांनी पुतण्याच्या मागे टुमणं लावलं. टाकी जुन्या बाजारातून घेतलेली, आधीच्या मालकानं पाणी कधी काढलं असेल देव जाणे. पुतण्या कंटाळून तयार झाला. पत्र्याची जाडी मोजणारा एक मुलगा मशीन घेऊन आला, निळ्या रंगावर जेल लावून ठिकठिकाणी मोजत गेला. वर 5 मिलिमीटर. बाजूला 4.8. बुडाशी 1.8. त्यानं मशीन बंद करून परत चालू केलं. परत 1.8.

टाकी भंगारात गेली. कटर मारून काढलेला बुडाचा तुकडा अप्पांनी खिळ्याला अडकवून ठेवला. आतून खवले पडलेले, बाहेरून छान निळा. “सांगितलं होतं” हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत, हे मी कान लावून होतो म्हणून खात्रीनं सांगतो. एवढंच म्हणाले, “थंडीत पोरं टाकीला टेकून डबा खातात. पत्रा ऊबदार असतो ना.”

गेल्या पावसाळ्यात अप्पांच्या छातीत पाणी झालं. आम्ही शहाळी घेऊन गेलो तेव्हा बरगडीतून निघालेली नळी खाली खुणांच्या बाटलीत सोडलेली होती. पुतण्या, मी, चार पोरं, सगळे भिंतीकडे बघत उभे. जो प्रश्न मनात होता तो विचारायची कुणाची छाती नव्हती. शेवटी सगळ्यात धाकट्या हेल्परच्या तोंडून निसटलाच: “अप्पा, पाणी काढलं का?”

“सकाळपासून दोनशे मिली,” अप्पा लगेच म्हणाले, “पिवळसर. कालच्यापेक्षा कमी.” मग नर्सकडे बोट दाखवून, “या बाई आकडा लिहितात. ओके लिहीत नाहीत.” बाई लाजल्या. अप्पा पुतण्याकडे वळले. “तिकडं कोण बघतंय?”

“टायमर आहे की, अप्पा.”

“टायमर आहे ते मला माहीत आहे. पंधरावर आणलास का?”

पुतण्या मोबाइल कानाला लावून बाहेर गेला.