टोपीखालचा पायलट

खाजगी वैमानिकाचा परवाना हाती आला आणि मुंबईतल्या आमच्या खारदांडा कोळीवाड्यात माझा भाव वधारला. कुणी म्हणालं, "आमच्या पोराच्या हळदीला वरून फुलं टाकशील काय?" कुणी समुद्रात मासे कुठे आहेत ते वरून बघून सांगायची गळ घातली. मीही जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की मान वर करून, जाणकार चेहऱ्याने, "बॉम्बे हायला चाललंय" असं पुटपुटायचो. मग जून लागला. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणून बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या. आणि ढग खाली आले म्हणून मीही घरात. शेजारच्या मावशी मला न्याहाळत म्हणाल्या, "बोटी बंद ते समजलं. तू कशाला बंद?"

आता त्यांना काय सांगणार? साध्या परवान्यावर डोळ्यांना दिसतं तेवढ्यातच उडायचं. ढगात शिरायचं नाही. तिथे शिरायला इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं, म्हणजे बाहेर काहीही न दिसता नुसत्या काट्यांकडे बघून विमान चालवायची परवानगी. मावशींच्या त्या एका प्रश्नापायी मी पन्नाशीत, बँकेतली रजा आणि बायकोचा संयम दोन्ही पणाला लावून, पुन्हा विद्यार्थी झालो. अट अशी की क्रॉस-कंट्रीचे ५० तास हवेत आणि इन्स्ट्रुमेंटचे ४०. त्यातले काही सिम्युलेटरवर चालतात. तासाचा दर विचारू नका. मी बायकोलाही सांगितलेला नाही.

पहिल्याच दिवशी मी इन्स्ट्रक्टरबाईंना सांगून टाकलं, की दिशा आमच्या रक्तात आहे. वडील नाखवा. काळोख्या रात्री, वारा कोणत्या गालाला लागतो एवढ्यावरून दांडा कुठे ते सांगणारे. कॅप्टन मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हूड चढवलं. हूड म्हणजे टांग्याच्या घोड्याची झापडं टोपीला शिवल्यावर जे होईल ते. समोरचे काटे तेवढे दिसतात, बाकी जग बंद.

"सर, आपण वळतोय," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम, सरळ चाललोय."

"सर, काटे बघा."

काटे वळतोय म्हणत होते. माझं अंग सरळ म्हणत होतं. पन्नास वर्षं ज्या अंगात राहिलो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की सेसना विमानातल्या काचेखालच्या तबकड्यांवर? मी घरच्या माणसाची बाजू घेतली. मॅडमनी हूड काढायला लावलं. क्षितिज खिडकीत तिरकं लोंबत होतं आणि एक अख्खं गाव माझ्या उजव्या खांद्याखाली आलं होतं. विमान त्यांनी सरळ केलं, तर मला वाटलं आता आपण डावीकडे कलंडतोय. म्हणून मी सीटवर उजवीकडे झुकून बसलो. उतरेपर्यंत तसाच होतो. चहावाल्याने विचारलं, कंबर धरली का?

दोष कानाचा आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो, आणि द्रव हलला की मेंदूला वळल्याची बातमी जाते. वळण हळू असेल किंवा बराच वेळ चालू राहिलं, तर द्रव स्थिरावतो आणि बातमी येणं थांबतं. वळण मात्र चालूच असतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसू न देता विमान चालवायला दिलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. मी मॅडमना विचारलं, माझे किती सेकंद झाले असते? त्या म्हणाल्या, "सर, मी मोजायच्या आधीच कंट्रोल घेतला."

मग होल्डिंग पॅटर्न. खाली उतरायला जागा नसेल तर वरच लांबट घिरट्या घालत थांबायचं: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण. ऐकायला सोपं. पण त्यात शिरायच्या तीन पद्धती आहेत, आणि तुम्ही कुठल्या दिशेने येताय त्यावरून कुठली ते आयत्या वेळी ठरवायचं, वाऱ्याचा हिशेब धरून. मी ते पायी घोटायचं ठरवलं. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले बांबू हे माझं केंद्र. हातात मोबाइलचं घड्याळ, ओठांवर आकडे, आणि बांबूंभोवती येरझाऱ्या. लोकांना वाटलं, प्रदक्षिणा बोललोय. एक आजी तर मनापासून म्हणाल्या, "देव ऐकेल हो." घरीही मी स्वयंपाकघराच्या दारात पुढची दिशा ठरवत थबकायचो, तेव्हा बायको म्हणायची, "अहो, कोथिंबीर आणायला निघालात की होल्डिंगमध्ये आहात?"

सगळ्यात मोठा पराक्रम सिम्युलेटरवर झाला. हौसेने मी मुंबईचा रनवे ०९ मागितला. समुद्रावरून येऊन सांताक्रूझला उतरायचं, म्हणजे घरचंच अंगण. रनवेची वाट दाखवणाऱ्या आयएलएस यंत्रणेची सुई डावीकडे गेली की डावीकडे जायचं. मी उजवीकडे गेलो, कारण अंग म्हणालं तिकडे बरं वाटतंय. निर्णयाची उंची २०० फूट. तिथे रनवे दिसला नाही तर मुकाट वर जायचं. मी मुकाट खालीच गेलो.

"सर, तुम्ही समुद्रात उतरलात."

"नेमका कुठे?"

मॅडमनी पडद्यावर रेघ दाखवली. सांताक्रूझच्या रनवेपासून दक्षिणेकडे भरकटत ती रेघ बरोब्बर खारदांड्यासमोर पाण्यात संपली होती.

रात्री वडिलांना हे सांगितलं. अंगावर भरवसा ठेवू नका म्हणतात, हा नाखवाच्या घराण्याचा अपमान आहे वगैरे. ते शांतपणे म्हणाले, "होका होता ना बोटीवर. तुम्हा पोरांसमोर बघायचो नाय."

तेवढ्यात एक दिलासा मिळाला. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ इतके शेजारी, की भल्याभल्यांनी घोळ घातलाय. जुहूचा १९२८ पासूनचा, ज्याच्यावर १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. तो लहान विमानांचा. तिथे जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून उतरलं आणि बाहेर काढायला नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तेच केलं. धावपट्टी संपली, विमान थांबलं नाही. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही, पण विमान कायमचं भंगारात गेलं. स्वच्छ डोळ्यांनी बघून, "हाच तो" म्हणून उतरणारे हे लोक. योगायोग असा, की १९२९ च्या २४ सप्टेंबरलाच न्यूयॉर्कजवळ अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर काहीही न बघता, उड्डाणापासून उतरण्यापर्यंत विमान चालवून दाखवलं होतं. खबरदारी म्हणून पुढच्या सीटवर दुसरा पायलट होता. मॅडमची सोय जुनी आहे तर!

शेवटी मी अंगाशी भांडण मिटवलं, म्हणजे त्याचं ऐकणंच सोडलं. ते म्हणे कलंडतोय. मी म्हणे असू दे. मॅडमनी आर्टिफिशियल होरायझनवर, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या तबकडीवर, चिकटपट्टी लावून तो बिघडल्याचं जाहीर केलं, तरी उरलेल्या काट्यांवर निभावलं. परीक्षेला सुई मध्यापासून फार हलली नाही, आणि हलली तेव्हा मी तिच्याच बाजूने गेलो. परीक्षक उतरल्यावर एवढंच म्हणाले, "घामाने हूड भिजलंय, नीट वाळवा."

रेटिंग मिळालं. ते एक वर्ष चालतं, मग पुन्हा परीक्षा. आणि ज्या पावसाळी ढगांसाठी हा उपद्व्याप केला, त्या वीजगर्भ काळ्या ढगांत माझ्यासारख्याने एका इंजिनाचं विमान घालायचंच नाही, हेही त्याच अभ्यासक्रमात शिकवतात. हे फी भरायच्या आधी सांगत नाहीत.

तेव्हा एक विनंती. येत्या जुलैत तुमचं विमान मुंबईवर अर्धा तास घिरट्या घालू लागलं, किंवा चाकं टेकता टेकता पुन्हा वर उचललं गेलं, तर पायलटला शिव्या देऊ नका. तो काट्यांचं ऐकतोय. कान तुमचेही खोटंच बोलत असतील. पट्टा बांधा आणि गप्प बसा.