अप्पांची एनओसी

सोसायटीचं सेक्रेटरीपद अप्पांनी केव्हाच सोडलं, पण चौकश्या करायची सवय काही सुटली नाही. पूर्वी त्या नव्या भाडेकरूंच्या वाट्याला यायच्या, आता माशांच्या येतात. टीव्हीशेजारी त्यांची दोन फुटी टाकी आहे. तिच्यात गप्पी आहेत, आणि गप्पी म्हटले की पिल्लं आलीच. मादी महिन्याच्या अंतराने वीस-पंचवीस पिल्लं टाकते. नर बाजूला काढला तरी पुढे काही महिने टाकतच राहते, कारण एकदाचं बीज ती साठवून ठेवते. हे सांगताना अप्पा स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली आणतात. "१८६६ साली त्रिनिदादहून गप्पी नावाच्या साहेबाने हे मासे लंडनच्या म्युझियमला धाडले," हे मात्र खणखणीत आवाजात.

नुसते गप्पी बघून नातवंडं कंटाळली. "आजोबा, अजून कोणीतरी आणा ना." पण पिल्लांच्या शेजारी राहायला कोण लायक, हे ठरवणं म्हणजे अप्पांच्या हातात पुन्हा सोसायटीचा शिक्का आल्यासारखं झालं.

त्यांचा नियम एकच. "रंग बघू नकोस, शेपूट बघू नकोस. तोंड बघ, तोंड!" जन्मलेलं पिल्लू जेमतेम पाऊण सेंटीमीटर, त्यातही निम्मे डोळेच. ते ज्याच्या तोंडात मावेल तो ते खाणार. स्वभाव वगैरे नंतर.

रविवारी ते कुर्ल्याच्या मासेवाल्यांकडे जातात. मी एकदा बरोबर गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. दुकानदाराने एंजल दाखवला. "शांत मछली है अंकल, कुछ नहीं करता."

"शांत है, मगर इसका मुँह कितना बडा होगा?"

"अभी तो बच्चा है."

"वोही तो! अभी रुपये के सिक्के जितना है. बाद में?"

मग अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि एंजल कधी तोंड उघडतो याची वाट बघत बसले. मागे गिऱ्हाइकं ताटकळली. दुकानदाराने चिमूटभर खाणं टाकलं, एंजलने आ वासला, आणि अप्पा उठले. "नापास."

फायटरला त्यांनी उभंच केलं नाही. नावातच सगळं लिहिलंय म्हणाले. टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. निऑन टेट्रा दिसायला गरीब, पण ताजं पिल्लू सोडत नाही. त्याचा अर्ज पिल्लं मोठी होईपर्यंत राखून ठेवला. सकर मासा "काच साफ करतो" म्हणून सगळेच घेतात. अप्पांच्या पुतण्यानेही घेतला होता. तो फूटभर वाढला तेव्हा पुतण्या त्याला तलावात सोडायला निघाला. अप्पांनी बादलीसकट जिन्यात अडवलं, तलावातल्या माशांच्या वतीने अर्धा तास भाषण केलं आणि सकर दुकानात परत करायला लावला.

शेवटी एनओसी मिळाली ती दोन गोगलगाई आणि चेरी श्रिंपना. ओटो हा बोटाच्या दोन पेरांएवढा, शेवाळ चाटणारा मासा. त्यालाही मिळाली, पण टाकीत पुरेसं शेवाळ धरल्यावर. नातवंडांनी गोगलगाईंकडे बघितलं आणि पुन्हा मोबाइल हातात घेतला.

एवढा बंदोबस्त करूनही एका सकाळी पिल्लं मोजली तर निम्मी गायब. बाहेरच्या सगळ्यांची कसून चौकशी झाली होती, आईबापांची कोणी केलीच नव्हती. अप्पा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "भूक लागली असेल तिला." दुसऱ्या दिवशी जावा मॉसचा दाट गुंता आणला, पिल्लांना लपायला. पिल्लं ओढून घेणारा जुना फिल्टर काढून स्पंजचा बसवला. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, सुईच्या टोकावर मावेल एवढाच, नाहीतर पाणी नासतं. पण काकूंच्या ओट्यावर अंडं कधी चढलेलं नाही. त्यामुळे अप्पा गॅलरीत जुन्या किटलीत अंडं उकडतात आणि बलक सोडून उरलेल्याचं काय करतात, हे आम्ही कोणी विचारत नाही.

"माशांची तोंडं न्याहाळतात," काकू म्हणतात. "मला बघायला आले होते तेव्हा मान वर केली नव्हती."

पिल्लं वाढली की अप्पा ती बरण्यांतून वाटतात, अर्थात मुलाखत घेऊन. टाकी केवढी? आत आधी कोण आहे? त्याचं तोंड दाखव. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला गोल भांडं आहे म्हणून परत पाठवलं आणि वर भांड्यावर व्याख्यान दिलं.

गेल्या पावसाळ्यात पालिकेच्या मलेरिया खात्यातला मुलगा आला. आवारातलं बंद पडलेलं कारंजं तुंबलं होतं, त्यात सोडायला गप्पी हवे होते. अप्पा बरणी आणि टॉर्च घेऊन खाली उतरले आणि काठावर उकिडवे बसून बराच वेळ पाण्यात बघत राहिले.

"इथे आधी कोण राहतं?"

"डासांच्या अळ्या, काका."

"त्यांची तोंडं?"

"बारीक असतात."

"मग ठीक आहे," म्हणत अप्पांनी झाकण उघडलं.