पंधरा किलो की पंधरा लिटर?

अहो वहिनी, थांबा जरा. तेलाचा डबा आणलात वाटतं? केवढ्याला पडला? अगबाई! समोरच्यांनी परवा आणला तो तुमच्यापेक्षा दीडशेनं कमी. मला मुद्दाम फाटकाशी बोलावून दाखवला, 'ऑफर होती' म्हणून. मी आधी डब्यावरचं वाचलं. १५ लिटर! तुमचा फिरवा बघू इकडे. हे बघा, १५ किलो. मग तुमचाच स्वस्त पडला.

अहो, तेल पाण्यावर तरंगतं ना? हलकं असतं ते. लिटरभर तेलाचं वजन भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे त्यांच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या जरासं वर, तुमच्यात पुरतं पंधरा. दीडशे रुपयांत सव्वा किलो तेल कोण देतंय आज? नाही, त्यांना नाही सांगितलं. एवढ्या खुशीत होत्या, म्हटलं राहू दे.

आता पाकिटांवर एमआरपीच्या जवळपास एक बारीक आकडा असतो, ग्रॅमला नाहीतर मिलीला किती पडले तो. कायद्यानं छापावाच लागतो. पण चष्मा घरी विसरून गेलं की गेलंच. मी तर एमआरपीकडे बघतच नाही, त्या आकड्याकडे बघते. शांपूची मोठी बाटली घेतली की बचत, असं वाटतं ना? कधीतरी लावून बघा हिशोब, पुष्कळदा दोन-दोन रुपयांच्या पुड्याच स्वस्त निघतात. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शांपू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आलाय. त्यानंतर कुणी 'खास सूट' म्हणून पाटी लावली, तर ती सूट दुकानदाराची की सरकारची, हे बघायचं.

मंडईत पण नवीनच टूम निघालीय. कुठल्याही गाळ्यावर भाव विचारा, 'तीस' म्हणतात. तीस काय? पाव किलो! किलोचा भाव तोंडातून काढतच नाहीत. १२० म्हटलं तर गिऱ्हाईक पुढं जाईल ना. म्हणून मी विचारतानाच 'किलोला कसं?' असं विचारते. हे म्हणतात, घ्यायची पाव किलो आणि ऐट किलोची. असू दे.

संध्याकाळी उशिरा स्वस्त मिळतं हे खरं, पण पालेभाजी नका आणू त्या वेळी. जुडी पाच रुपयांनी कमी मिळते आणि निवडताना निम्मी टोपलीत जाते. काकडी, भोपळा, दोडका खुशाल आणा. कांद्याचं म्हणाल तर एप्रिल-मेचा उन्हाळी कांदा गोणीनं घ्यायचा. तो सुकलेला असतो, हवेशीर पसरून ठेवला की चार-पाच महिने हलत नाही. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा कितीही स्वस्त असो, दोन-तीन किलोच्या वर आणायचा नाही. लगेच मोड येतात, नाहीतर पाणी सुटतं.

तीच गोष्ट मिरचीची. फेब्रुवारी-मार्चला नवी मिरची बाजारात उतरते. तेव्हा ब्याडगी आणि संकेश्वरी घेऊन, उन्हं देऊन, तिखट कांडून आणायचं. ऐन दिवाळीत तयार तिखटाची पाकिटं घेणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, पण आमच्याकडे चालत नाही. माझी पार्ल्याची जाऊ तर दुकानाची पायरीच चढत नाही. तिकडे मुंबई ग्राहक पंचायत आहे ना, १९७५ पासूनची? शेजारपाजारची घरं मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र भरतात, माल एकगठ्ठा येतो आणि बायकाच तो वाटून घेतात. तिच्याकडे गेलं की तूरडाळीचा भाव ऐकवल्याशिवाय चहा येत नाही.

तुळशीबागेत उद्या जाताय? मग तोंडाशीच्या दुकानात काही घेऊ नका. आधी आत राममंदिरापर्यंत एक चक्कर मारा, भाव ऐका. आवडलेली वस्तू हातात धरून ठेवायची नाही. नावडती घ्यायची, तिचा भाव करायचा आणि मग सहज विचारल्यासारखं 'आणि ही कशी?' पटलं नाही तर निघायचं. चार पावलांवर हाक आली तर अजून जागा होती. नाही आली तर आपणच जास्त ताणलं. मुकाट्यानं परत जाऊन घ्यायचं, त्यात लाज कसली? भांडी मात्र वजनावरच घ्या. आणि पर्समध्ये लोहचुंबक घेऊन जाऊ नका त्या वरच्या मजल्यावरच्यांसारखं. चुंबक चिकटलं नाही म्हणजे उत्तम स्टील, असं नसतं. हलक्या २०२ लाही ते चिकटत नाही नि चांगल्या ३०४ लाही नाही. तळ जाड आहे का, काठ नीट वळलेत का, ते बघा.

आणि ऐकलंत का? समोरच्यांनी बांगड्याही घेतल्यात. 'पन्नास टक्के सूट' म्हणे! अहो, सोन्यावर कोण पन्नास टक्के सोडणार? सूट घडणावळीवर. आधी घडणावळच किती लावली होती, ते विचारलंच नाही त्यांनी. शिवाय बांगड्यांत खडे आहेत. खड्यांचं वजन वजा करून सोन्याचं वजन बिलात वेगळं दाखवलंय का, विचारलं, तर म्हणाल्या, बिल ह्यांच्याकडे आहे. हॉलमार्क आहे हो, ९१६ चा, सहा अक्षरी नंबरसकट. तो मी भिंग लावून बघितला. सोनं खरंच आहे. पण सोन्याचा भाव त्या दिवशी सगळीकडे जवळपास सारखाच असतो, कमीजास्त होते ती घडणावळ. खरेदीला जायच्या आधी दोन-तीन पेढ्यांत नुसती तीच विचारून यायची. उन्हातून कोण फिरणार म्हणता? मी येते की तुमच्याबरोबर, मला आवडतं.

बरं, ते गव्हाचं ठरवायचंय. मार्केट यार्डातून लोकवन आणायचाय, उन्हं आहेत तोवर वाळवून कोठीत गेला पाहिजे. तुम्ही एक पोतं घ्या, आम्ही एक, आणि समोरच्यांनाही विचारा. मी नको, तुम्हीच विचारा. माझ्यावर त्या भिंगापासून जरा घुश्शात आहेत. पण टेम्पोचं भाडं पोत्यावर वाटायचं, घरावर नाही, हे आधी बोलून घ्या. गेल्या वेळी त्यांनी चार पोती घेतली आणि भाडं दिलं आमच्या एकाएवढंच!