भाव फोनवर

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात हा शेठ हमखास भेटतो. आजोबा कच्छहून आले, वडिलांनी बँडसॉ बसवला, याच्याकडे कानामागची पेन्सिल आली. गोल लाकडाला टेप गुंडाळायचा, घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, घनफूट तोंडावर. गल्ल्यात कॅलक्युलेटर असतो, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

सागवान दाखवताना त्याला बघावं. फळीवर नख ओढेल, हुंगेल, ओला अंगठा फिरवून नस उठवेल आणि तुमच्याकडे असं पाहील, की हे झाड यानेच वाढवलं असावं. २०१४ साली म्यानमारने गोल लाकडाची निर्यात बंद केली. आता घानाचा साग येतो, इक्वेडोरचा येतो. शेठ "बर्मा गेला, मजा गेली" असं म्हणत तोच विकतो.

मुलगा एमबीए. "पप्पा, माल ऑनलाइन टाकू या."

"लाकूड हाताला कळतं. मोबाइलला हात आहेत?"

यात तथ्य आहेच. एका फळीसारखी दुसरी नसते आणि फोटोत गाठ लपते. पण हेच शेठ सरकारी डेपोतला माल एकदा नख लावून आले, की लिलावाची बोली संगणकावरच लावतात. खरेदी ऑनलाइन चालते, विक्री नाही. कारण खरी मेख भावात आहे. वखारीत भाव माणूस बघून निघतो. आर्किटेक्टला एक, फ्लॅटवाल्याला दुसरा, आणि मिस्त्रीबरोबर आलेल्याला तिसरा. त्यात मिस्त्रीचं कमिशन आलं. हा भाव उघड्यावर मांडला, तर मिस्त्री उद्या गिऱ्हाइकासकट शेजारच्या वखारीत. नफ्यातोट्याचे तक्ते काढणाऱ्या मुलाला हे कळत नाही, असं शेठचं मत. माझंही.

लॉकडाउनमध्ये वखार बंद पडली, तरी शेठ ढळले नाहीत. मुलाने मग परदेशी कंपन्यांचे दाखले दिले, तेव्हा ते पेंगले. ढळले कधी? समोरच्या वखारवाल्याने पाटीवर फोन नंबराखाली वेबसाइट रंगवली तेव्हा. संध्याकाळी गल्ला मोजता मोजता मुलाला म्हणाले, "आपलं कधी व्हायचं?"

झालं. फोटो शेठनी स्वतः काढले. निम्म्यांत त्यांचा अंगठा आहे. प्रत्येक फळीखाली एकच मजकूर : 'भाव फोनवर.' भाव छापलाय तो फक्त भुश्श्याचा, पोत्यावर. त्यात कोणाचं कमिशन नसतं.

पहिली ऑर्डर भुश्श्याचीच आली. कोणा पोल्ट्रीवाल्याने दहा पोती मागवली, पैसे आगाऊ भरले. मुलगा फोन नाचवत धावत आला. शेठनी चष्मा वर करून नाव दोनदा वाचलं, पेन्सिल कानामागून काढली आणि विचारलं, "मिस्त्री कोण यांचा?"