बंदूक ठाण्यात, वाघ उसात

निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरातलं एक माणूस पोलीस ठाण्यात जाऊन बसतं. माणूस म्हणजे नानांची ठासणीची बंदूक. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करायची हा शिरस्ता. मी ती जुन्या धोतरात गुंडाळतो, एसटीत मांडीवर आडवी घेतो, आणि शेजारचा प्रवासी विचारतो, "बासरी का?" चार फुटांची बासरी कोण वाजवतं? पण मी हो म्हणतो. जमा केल्याची पावती मिळते. एकदा अंमलदारानं पावतीवर बंदुकीचं वर्णन केलं, 'एक नग, जुना'. नाना असते तर 'जुना' या शब्दावरून तिथंच ठाण मांडून बसले असते.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. आमचं गाव संगमनेर तालुक्याच्या पठारभागात, चंदनापुरीचा घाट चढून वर आल्यावर. खाली प्रवरेच्या काठाला ऊस, वर आमच्याकडे बाजरी, मठ, हुलगे आणि भरपूर वारा. नानांचा परवाना पीकसंरक्षणाचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीची सोय पीक राखण्यासाठीच केलेली आहे. नानांनी बाजरी राखली असेल, पण त्या बाजरीवर चालून आलेलं रानडुक्कर मी काही पाहिलं नाही. मी पाहिली ती धुळवडीची शिकार.

तिचा थाट सांगण्यासारखा होता. होळीच्या राखेनं तोंडं माखून गावातले आठ-दहा बाप्ये निघायचे. दोघांकडं वाघूर म्हणजे सशाचं जाळं, चौघांकडं काठ्या, एकाकडं बंदूक आणि कुत्री ज्याची त्याची. आम्ही पोरं हाकाऱ्याला. डबा बडवायचा, 'हो हो' करायचं आणि मोठ्यांनी खूण केली की गप्प बसायचं. यातलं शेवटचं आम्हाला कधी जमलं नाही. ससा आमचा आवाज ऐकून उठायचा, हे ठरल्याप्रमाणे; पण तो जाळ्याकडं न जाता शेजारच्या गावाच्या शिवारात जायचा, हे ठरलेलं नसे. तोवर इकडं नाना बंदूक भरत असत. आधी दारू, मग चिंधी, गजानं ठासणं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासणं, शेवटी घोड्याखाली टोपी. एवढं होईस्तोवर सशाला पिंपळगाव गाठून चहा पिऊन परत येता आलं असतं.

तरी एखाद्या वर्षी ससा मिळे. मग वाटे. या वाट्यांचा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही, पण खातेफोडीपेक्षा कडक. ज्याचा बार लागला त्याला मुंडी आणि एक वाटा जास्त. जाळं धरणाऱ्याला वाटा, हाकाऱ्याला वाटा, कुत्र्याला वाटा. एक गृहस्थ स्वतः घरी झोपून राहत आणि कुत्रा पाठवत. कुत्र्याचा वाटा मात्र न्यायला जातीनं हजर. दोन किलोच्या सशाचे असे पंधरा-सोळा वाटे पडले की प्रत्येकाच्या द्रोणात तीन फोडी येत, त्यातली एक हाडाची. उरलेलं कालवण बटाट्याचं. पण 'आज बटाट्याची भाजी खाल्ली' असं त्या रात्री कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आणि खरी शिकार तर पुढं वर्षभर चाले, पारावर. १९६९ साली नानांनी एक ससा मारला होता. मी तो हातात धरला होता, म्हणून सांगतो, दोन किलोचा असेल नसेल. पुढच्या धुळवडीला तो तीन किलोचा झाला. मला मिसरूड फुटेपर्यंत तो पाचावर गेला. जिवंत सशापेक्षा मेलेला ससा जोमानं वाढतो, हे प्राणिशास्त्रात कुठं दिलंय की नाही माहीत नाही, पण आमच्या पारावर सिद्ध झालेलं आहे.

इथं एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या या डबाबडव्या शिकारीला गावात हौस म्हणत. केसांचे आणि तातीचे फासे लावून, आवाज काढून तितर जवळ बोलावणारे फासेपारधी अधूनमधून माळावर उतरत. ते या कलेतले आचार्य. आम्हाला दिवसभरात जे जमायचं नाही ते त्यांना न्याहारीच्या आत जमे. पण इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं त्यांच्यासारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो १९५२ साली कागदावरून पुसला तरी लोकांच्या नजरेतून पुसला नाही. परवाना असलेला अनाडी हौशी आणि बिनपरवान्याचा जाणकार गुन्हेगार. नानांना हे खुपायचं. ते म्हणायचे, "आपण नुसती दारू जाळतो रे, शिकार त्यांची."

मग १९७२ उजाडलं. ते वर्ष आमच्याकडं कोणी कायद्यामुळं लक्षात ठेवलेलं नाही. खडी फोडायची, सुकडी खायची, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी चिरा पडल्या तरी थापायच्या, असं ते वर्ष. माळावर गवताची काडी नव्हती, ससा कुठून असणार? नेमक्या त्याच सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. सुरुवातीला त्यात परवाना काढून काही शिकार करण्याची वाट ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीनं तीही बंद झाली. कायद्याला दिल्लीहून आमच्या पठारावर चढून यायला दोन-तीन वर्षं लागली. पोचला तेव्हा नाना म्हणाले, "मी दुष्काळातच सोडली होती. सरकारला आता कळलं." म्हणजे सरकारनं नानांचं अनुकरण केलं.

धुळवडीचं निघणं मात्र थांबलं नाही. वाघूर माळ्यावर गेली, बंदूक खुंटीवर राहिली, पण माणसं राखेनं तोंडं माखून माळावर जातच राहिली. ओढ्याकाठी चूल मांडायची, गावठी कोंबडा शिजवायचा आणि त्याचे वाटे घालायचे. कुत्र्याचा वाटा आजही निघतो. मधल्या पिढीनं ब्रॉयलर आणला. सध्याची पोरं आचारी सांगतात आणि पनीरवाल्यांचं पातेलं वेगळं असतं. बंदुकीच्या गजाचा अलीकडचा पराक्रम विचाराल, तर काकूंनी त्यानं मोरीत तुंबलेला बोळा काढला.

शिकार आमच्याकडं संपली, सगळीकडं नाही. माझा पुतण्या अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. त्याच्या कचेरीतला एक सहकारी तीस वर्षं दर हंगामाला डोंगरात एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. नर तीनशे किलोच्या पुढं जातो. गंमत म्हणजे सिलोनातले इंग्रज शिकारी सांबरालाच एल्क म्हणत. साहेबाला घरची आठवण आली की समोरच्या जनावराला तो ओळखीचं नाव द्यायचा. पुतण्या एकदा त्या सहकाऱ्याबरोबर ओझी वाहायला गेला आणि मला तासभर फोनवर सांगत होता. बाकीचं राहू द्या, पण तिथली व्यवस्था ऐकून मी गार पडलो. परवान्यासाठी अर्ज करायचा, मग सोडत. म्हाडाच्या घरांसारखी. नंबर लागला नाही तर पुढच्या सोडतीसाठी एक गुण जमा. बंदूकवाल्यानं अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी कापड घालायचं, म्हणजे दुसरा शिकारी त्यालाच एल्क समजणार नाही; आणि २०१६ पासून नारिंगीऐवजी भडक गुलाबीही चालतो. आम्ही राख फासून दिसेनासे व्हायचो, हे लग्नाच्या मांडवासारखे नटून निघतात.

त्या सहकाऱ्याचे वडील घोडी आणि कॅनव्हासचा तंबू घेऊन जायचे. तो आता मोबाइलवर नकाशा बघतो आणि झाडाला कॅमेरे बांधून ठेवतो. तक्रार त्याचीच, की पूर्वी डोंगरात शिरलं की आठवडाभर कोणाला पत्ता लागत नसे, आता बायको शिखरावर फोन करून दूध आणायला सांगते. मी म्हटलं, याला पठारावर घेऊन ये, नानांच्या पारावर याची सोय होईल.

पुतण्या पुढं म्हणाला, "काका, इथं ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. सप्टेंबरात. मुद्दाम जुन्या पद्धतीनं." मी खुंटीकडं पाहिलं. आमचा 'एक नग, जुना' चुकीच्या देशात जन्मला.

आता वाघाकडं येतो. आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्टे की ठिपके, हे ज्याला थांबून बघायला वेळ आहे त्यानं बघावं. माझ्या लहानपणी वाघ ही दूरची गोष्ट होती, अकोले गावापलीकडच्या डोंगरातली. तिथले आदिवासी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. आम्हाला ते नवलाचं वाटे. नवल आम्हीच ओढवून घेत होतो, हे कुठं ठाऊक होतं? १९२६ साली जिम कॉर्बेटनं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला. त्याच साली इकडं भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. धरणाचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून पाटांत गेलं, पाटावर ऊस उभा राहिला, १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी कारखाना निघाला, मग आणखी कारखाने, आणखी ऊस. वर्षभर उभं, गर्द, थंड, आत डुक्कर आणि बाहेर वस्तीची कुत्री. आम्ही साखरेसाठी लावलं, वाघानं रान समजून घर केलं. उसात जन्मलेल्या पिल्लांना डोंगर म्हणजे काय ते ठाऊक नसतं; ऊसतोड सुरू झाली की ती फडात सापडतात, आणि वनखात्याची माणसं त्यांना खोक्यात ठेवून रात्रभर आईची वाट बघतात.

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच अकोल्याच्या खोऱ्यात कॅमेरे लावून मोजणी केली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. धड जंगल नाही, दर चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं, आणि तरी १०० चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे. खाण्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. कुत्र्याचा वाटा असाही निघतो. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९ साली विहिरीत पडलेला तो म्हातारा नर, ज्याचं नाव 'आजोबा' ठेवलं! त्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला, तर गडी सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात दाखल. आमच्याकडून पोटासाठी मुंबईला गेलेल्यांत एवढा नावारूपाला आलेला दुसरा कोणी नाही. त्याच्यावर सिनेमासुद्धा निघाला. पुढं २०११ मध्ये हमरस्त्यावर गाडीखाली गेला बिचारा.

हे सगळं लिहिताना मी बंगल्याच्या गच्चीवर आहे, हेही सांगायला हवं. खाली वस्तीवर ज्यांना आठवड्याआड रात्रीची लाइट असते, त्यांना दोन वाजता मोटार चालू करायला उसातून जावं लागतं. त्यात माणसं गेली आहेत, लेकरंही. २०२५ च्या दिवाळीनंतर शिरूरकडच्या गावांत बायामाणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना फोटोत दिसली. तो पट्टा मी लहानपणापासून ओळखतो. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असायचा. त्या फोटोपुढं माझ्यातल्या विनोदी माणसाला बराच वेळ बोलता आलं नाही.

वस्तीवर आम्ही आता कॅमेरे लावलेत. म्हणजे कोलोरॅडोतल्या त्या गृहस्थाची आणि माझी साधनं एकच झाली. तो जनावर यावं म्हणून बघतो, मी येऊ नये म्हणून. तरी खरं सांगू? रात्री झोप येत नाही तेव्हा मी मोबाइलवर ते चित्र उघडून बसतो, आणि अर्ध्या तासात काही आलं नाही तर मला थोडं वाईट वाटतं. गेल्या महिन्यात आला. गोठ्याशेजारच्या चिंचेखाली, जिथं नाना बंदूक ठासत बसायचे, तिथंच बूड टेकून बसला. समोर शेळ्यांचं लोखंडी जाळीचं दार, कुलूप लावलेलं. तो काही करेना. कान हलवी, शेपटीचं टोक उचली, पुन्हा बसे. सव्वा तास. मग उठून अंग ताणलं आणि रिकाम्या हातानं उसाकडं चालता झाला. माळावरून परतताना नानांची पाठ अशीच दिसायची, घाई नसलेली, जणू ठरलेलं काम उरकून निघाले.

सकाळी शेजारच्यानं जमिनीवरचा ठसा बघून शेपटीसकट सहा फूट सांगितला. दूधवाल्यापर्यंत तो सात झाला. संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. मी त्याला सगळं रंगवून सांगितलं, चिंच, चांदणं, ते बसणं. चांदणं नव्हतं, पण शोभतं.

"केवढा होता, काका?"

"आठ फूट तर सहज."

"सकाळच्या मेसेजमध्ये तुम्ही सहा लिहिलंय."

"तेव्हा," मी म्हटलं, "तो बसला होता."